एकोणतीस ओळखलेल्या कुकऱ्या आणि तिसावी

मी, खाली सही करणार, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा वजनकाटे दुरुस्ती (आता बंद), पूर्ण शुद्धीवर असताना हे लिहून ठेवतो. कोणी दडपण आणलेले नाही. आणायला कोणी येतच नाही.

१. घर आणि बँकेतली शिल्लक मुलीला. घर खुशाल विकावे, पण लोखंडी कपाट रिकामे झाल्यावरच.

२. त्या कपाटात फौजी कुकऱ्या आहेत, नग तीस. जावईबापूंनी त्यांना ‘ते कोयते’ म्हणणे आता तरी थांबवावे. शोभेची कुकरी वेगळी, फौजेची वेगळी, हे सांगून माझा घसा बसला. फौजेच्या पात्यावर शिक्के असतात: साल, कारखाना, तपासनिसाची खूण. पाते मुठीत अर्धेच गेले आहे की शेवटपर्यंत, तेही बघायचे. दोन मिनिटांचे काम. घरात एकालाही ती दोन मिनिटे मिळाली नाहीत.

३. पहिल्या एकोणतीस, नोंदवहीच्या प्रतीसह, संग्रहालयाला. तिथल्या बाई सगळ्यांना मिळून ‘जुनी शस्त्रे’ अशी एकच चिठ्ठी लावू म्हणत होत्या. तसे करणार असतील तर देणगी रद्द.

४. अकरा वर्षांपूर्वी माझ्या वाढदिवसाला पुतण्याने सतरा नंबरची कुकरी पॉलिशपेपरने घासून आणली. “काका, बघा, नवी कोरी!” शिक्के साफ गेले. मी त्याला नाही नाही ते बोललो आणि पुन्हा दारात उभे केले नाही.

५. तिसावी माझ्या वडिलांची. फौजेतून ते आले नाहीत, ती आली. कोणती पलटण, कुठे पडले, कागद एकही नाही. जे होते ते पात्यावर होते. एकोणिसाव्या वर्षी, आईला बरे वाटावे म्हणून, मीच ती दिवसभर घासली. आई म्हणाली, “छान झाली रे.” त्या खुणांवरून काय कळले असते, हे मला दहा वर्षांनी समजले. मग बाकीच्या जमवल्या त्या हिच्याशी ताडून पाहायला. जुळणारी एकही मिळाली नाही. भिंगाखाली एक आकडा अर्धा दिसतो. तीन असेल, नाहीतर आठ.

ही आणि मूळ नोंदवही पुतण्याला. बाबा रे, तो राग माझा माझ्यावरच होता. तोंडाने सांगायला जमले नाही, चुकलो. हिला तेल लाव, घासू नकोस. वहीत हिच्यापुढे साल, कारखाना, पलटण हे रकाने कोरे आहेत. अंदाजाने भरू नकोस. मी कितीदा पेन उचलून खाली ठेवले आहे. ‘कोणाची’ या रकान्यात ‘बाबांची’ लिहिले आहे. तेवढे खात्रीचे आहे.

सही: (लिहून ठेवणार)
साक्षीदार: १. वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर २. समोरच्या शिवणकामवाल्या बाई
स्थळ: माझे स्वयंपाकघर
दिनांक: १४ ऑक्टोबर