डाव्या बाजूचं पॉलिश

बाबा, गाडीला वॅक्स वर्षातून किती वेळा लावायचं, एवढंच मला तुम्हाला विचारायचं आहे. उत्तर मला पाठ आहे. तुम्ही ते इतक्या गिऱ्हाइकांना सांगितलंत की मी झोपेतही म्हणून दाखवीन : "सालातून दोनदा. दिवाळी उरकली की एकदा, अन् ऊन तापाच्या आधी एकदा. बाकी दिवस पाण्यानं धुवा अन् तिले तिच्या हालवर सोडा." तरीही विचारतो आहे. कारण गेले काही महिने मी भेटेल त्याला हाच प्रश्न विचारत सुटलो आहे, आणि एकाचंही उत्तर मला पटत नाही. खरं म्हणजे मला जे ऐकायचं आहे, ते कोणी बोलत नाही.

जरीपटका भागातल्या बाजारामागे आता गाड्या चमकवण्याचं एक दुकान निघालं आहे. काचेचं दार, आत थंड हवा, आणि छतावर इतके दिवे की नाटकाच्या रंगमंचावर आल्यासारखं वाटावं. तिथला मालक तिशीचा असेल. हातात रबरी मोजे घालून बोलतो. तो म्हणाला, "काका, वॅक्स तीन महिन्यांतून एक बार, पूर्ण डिटेलिंग सालातून एक बार. बस." मी विचारलं, "आणि पंधरा दिवसांनी केलं तर?" तो हसला. "पंधरा दिवसांनी? काहून जी? तुमची गाडी धूळ खाते का रंग खाते?" खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याला विचारलं, तर त्यानं घेतल्यापासून त्याच्या गाडीला फडकंसुद्धा मारलेलं नाही. वर मलाच विचारतो, "काय काका, गाडीचं लग्न जुळलं का? दर रविवारी हळद लावून राहिले तिले!" सगळी इमारत हसली. मीही हसलो. हसता हसता उभा असा राहिलो, की गाडीची डावी बाजू माझ्या पाठीमागे झाकली जावी.

एवढं लिहून आता उठलो आणि बाल्कनीतून खाली पाहून आलो. आज सकाळपासून पाचव्यांदा. गाडी जिथे होती तिथेच आहे. गडद निळी, बारा वर्षांची. निवृत्त झाल्यावर मी ती घेतली, तेव्हा तुम्ही असता तर पहिल्यांदा काय केलं असतं ते मला माहीत आहे. दार उघडून आत बसला नसता. उकिडवं बसून, गाल दाराजवळ नेऊन, एक डोळा मिटून रंगावरून पार टोकापर्यंत बघितलं असतं, जसं कोणी नदीच्या पाण्यावरून पलीकडचा काठ बघतं.

आपलं गॅरेज म्हणजे कडुनिंबाखालचं टिनाचं शेड. शेजारी पत्रा ठोकणाऱ्याची ठकठक, आणि त्या आवाजात तुमचा हात मात्र असा फिरायचा की जणू कोणाला झोपवून राहिले आहात. मला कारकुनाची नोकरी नुकती लागलेली आणि रविवारी मी तुमच्या मदतीला येतो. काम सुरू करण्याआधी तुम्ही घड्याळ, अंगठी, कमरेचा पट्टा, सगळं काढून खुंटीला लावता. बकलाचा एक ओरखडा पडला की दोन दिवसांचं काम वाया. आता घड्याळ खुंटीवर, आणि वॅक्स तर मोजून सुकू द्यावं लागतं. लवकर पुसलं तर निघून येतं, उशीर केला तर दगड होतं. मग तुम्ही मला म्हणायचात, "म्हण गा तुही ती नदीवाली." आणि मी शाळेतली ती आठ कडव्यांची कविता म्हणायचो. हिवाळ्यात वॅक्सला कविता दोनदा लागायची. मार्चमध्ये चौथ्या कडव्यातच बोनेटवर वॅक्सचं धुकं धरायचं आणि तुम्ही हात वर करून मला थांबवायचात. पत्रा ठोकणारा म्हणायचा, "नोकरी लागली तरी ह्याची शाळा काही सुटली नाही गा." तुम्ही फडकं उचलून पुसायला लागायचात. पण एकदा, फक्त एकदा, धुकं धरून गेलं, वॅक्स वाळून पांढरं झालं, तरी तुम्ही हात वर केला नाहीत. कविता संपल्यावर म्हणालात, "ते सहावं कडवं पुन्हा म्हण." मग ते वाळलेलं वॅक्स काढायला आपल्याला दुपार झाली. मला आयुष्यात मिळालेली ती एकमेव दाद. शाळेत, कचेरीत, कुठेही नंतर तशी मिळाली नाही.

पण तुम्ही मला शिकवलंत ते वॅक्सपेक्षा रबिंगचं. तो घासायचा लगदा, रॉकेलच्या वासाचा. डबा उघडताना तुम्ही दर वेळी बजावायचात, "हे कापते, वॅक्स झाकते. झाकाचं काम सालातून दोनदा. कापाचं काम गाडीच्या जल्मात दोन-चार बार. रंग काही केसं नाही, पुन्हा याले."

आणि मग ते वकीलसाहेब. तेव्हा धंतोलीत दवाखाने कमी आणि बंगले जास्त होते, त्यातल्या एका बंगल्यात ते राहायचे. काळी गाडी, काळा कोट, आवाज घुमटात बोलल्यासारखा. आधी दिवाळीला आले, मग संक्रांतीला, मग दर महिन्याला. दर वेळी म्हणायचे, "जरा पॉलिश मारून दे." त्या दिवशी तुम्ही उकिडवे बसलात, गाल दाराशी नेलात आणि तसेच बसून विचारलंत, "वकीलसाहेब, हे फाटक होय का खांब?"

"तुला काय करायचंय? पॉलिश कर."

"करतो ना जी. पण दर महिन्याले डावी बाजूच काहून घासून राहिलो आपण? उजवी तर शोरूमची हाय." तुम्ही उठलात, हात पुसलेत. "रंग आता कागदाएवढा राहिला. मी घासत नाही. पहिले डोळे दाखवून या, मंग आणा गाडी."

"रंगारी आहेस तू, डॉक्टर नाहीस," असं ओरडून ते गेले, ते पुन्हा आले नाहीत. मी तुमच्यावर चिडलो. इतकं मोठं गिऱ्हाईक, जरा गोड बोलता आलं असतं, असं काहीतरी म्हणालो. तुम्ही रबिंगच्या डब्याचं झाकण ठोकून बसवलंत आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "गोड बोलाले तुह्या कविता हायेत ना, त्यायले ऐकव. पण त्यायच्या डाव्या बाजूनं जो पोट्टा सायकल चालवत जाईन, त्याले काय ऐकवशीन?" मी त्या दिवशी न जेवता घरी गेलो होतो, बाबा. मला वाटलं होतं, तुम्ही माझ्या कवितांचा अपमान केलात.

आता सांगतो. गेल्या वर्षी पहिल्यांदा आमच्या इमारतीच्या फाटकाचा खांब लागला. डाव्या बाजूचा. मला वाटलं, वळवताना हात चुकला. मग दवाखान्याच्या तळघरातला खांब. मग पावसाळ्यात एका स्कूटरचा आरसा. आणि स्कूटरवर माणूस होता. तो पडला नाही. शिव्या देऊन निघून गेला. दर वेळी मी घरी येऊन, दुपारी सगळे झोपले असताना, ओरखड्यावर रबिंग फिरवलं, त्यावर वॅक्स लावलं आणि विचारणाऱ्याला सांगितलं की नागपूरच्या उन्हात गाडीला जपावं लागतं. मुलीनं एकदा फोनवर विचारलं, "पप्पा, तुम्ही दर रविवारी गाडी पॉलिश करता म्हणे? मम्मी सांगत होती." मी तिला रंगाच्या आयुष्यावर अर्धा तास ऐकवलं. म्हणूनच मला असा कोणीतरी हवा होता, जो म्हणेल, हो काका, दर रविवारीच करायला पाहिजे.

एकदा उजवा डोळा हातानं झाकून समोरच्या भिंतीकडे पाहिलं. कॅलेंडरचा उजवा अर्धा भाग होता. डावा नव्हता. काळोख नव्हता तिथे, बाबा. भिंतच होती, कॅलेंडर नव्हतं. हात काढला आणि चहा करायला गेलो. कोणाला सांगितलं नाही.

सांगितलं की गाडी जाणार. मुलगी त्याच दिवशी किल्ली घेऊन जाईल. तिची चूकही नाही. पण तुमच्या सुनेचा गुडघा बदलला आहे, आणि मंगळवारी नि शुक्रवारी मी तिला धंतोलीत व्यायामाला नेतो. जाताना ती दुखण्याच्या भीतीनं गप्प असते. येताना आम्ही एका ठेल्यासमोर गाडी उभी करतो, तिला उतरवत नाही, तर्री-पोह्यांच्या प्लेटा खिडकीतून आत घेतो. काचा वर करून मी तिला शाळेतल्या कविता म्हणून दाखवतो. ती म्हणते, "हे कडवं तुम्ही मागच्या शुक्रवारी पण चुकले होते." आठवड्यातले ते दोन तास सोडले तर आम्ही दोघं दिवसभर औषधांच्या वेळांविषयीच बोलतो. भाड्याच्या गाडीत, अनोळखी माणसाच्या मानेमागे बसून, मी कविता म्हणणार आहे का? ती तर तिथे खोकणारही नाही मोकळेपणानं.

गेल्या रविवारी मी घासत होतो आणि तीच आठ कडव्यांची म्हणत होतो. सहाव्यापाशी मला तुमचं ते कडुनिंबाचं शेड दिसायला लागलं, आणि हात फिरतच राहिला. कविता संपून खाली पाहिलं तर निळ्यात रुपयाएवढा राखाडी डाग. रंगाखालचं अस्तर. मी त्यावर वॅक्स लावलं. डाग आणखी चमकायला लागला.

आणि परवा मंगळवार. चौकात मी डावीकडे वळत होतो. ही एकदम ओरडली, "थांबा!" मी ब्रेक दाबला. डाव्या चाकाजवळ एक बाई उभी होती, एका हातात भाजीची थैली, दुसऱ्या हातात सहा-सात वर्षांची मुलगी. मुलीचं दप्तर बंपरला टेकलेलं. बाईनं बोनेटवर जोरात थाप मारली. "आंधळे हाय का जी? दिसत नाही तं घरी बसा ना!" मुलगी माझ्याकडे बघत होती, रडत नव्हती. त्या दोघी गेल्या. मागचे हॉर्न वाजवायला लागले. माझा पाय ब्रेकवरच होता. ही म्हणाली, "चला आता. हळू. डावीकडे ऑटो हाय, त्याले जाऊ द्या." आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे ती नेहमीच म्हणते. डावीकडे सायकल हाय. डावीकडून गाय येऊन राहिली. डावीकडे खड्डा. मी समजत होतो, घाबरट आहे, बडबडते. चिडलोही होतो कितीदा. "गप बस वं, मले दिसते," असं म्हणालो होतो.

त्या दिवशी आम्ही पोहे खायला थांबलो नाही. रात्री मला झोप आली नाही. ती सहा-सात वर्षांची मुलगी, तिचे ते बघणारे डोळे. तुम्ही वकीलसाहेबांना म्हणालात त्यातलं एकेक अक्षर खरं होतं, आणि त्यावर ऐकवण्यासारखी एकही कविता मला येत नाही, हे तुम्हाला सांगावंसं वाटलं, म्हणून हा कागद घेतला. कालपासून तीनदा फाडला.

आज सकाळी मुलीला फोन केला. गाडीचं काढलं नाही. हवापाण्याचं बोललो, नातीची परीक्षा विचारली, आणि मग म्हणालो की डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेऊन दे. तिनं विचारलं, "कोणाचे डोळे, पप्पा?" बाबा, सत्तर वर्षांचा माणूस मी. मी म्हणालो, "तुझ्या मम्मीचे." ही समोरच मेथी निवडत बसली होती. तिनं वर पाहिलं. मला वाटलं, आता फोन हातातून घेईल. तिनं काड्या बाजूला सारल्या आणि म्हणाली, "खोटं कुठं आहे त्याच्यात? सहा महिन्यांपासून माझेच तर वापरून राहिले तुम्ही." फोन चालूच होता. पलीकडून मुलगी एवढंच म्हणाली, "उद्या सकाळी मी स्वतः येते न्यायला. दोघांनाही."

हे पत्र कुठे टाकायला नेणार नाही, ते तुम्हालाही ठाऊक आहे. पण पत्ता असता तरी मी ते आज टाकलं नसतं. उद्यापर्यंत थांबलो असतो. कारण सगळं कळूनही, इतकं सगळं लिहूनही, माझ्या मनात अजून हेच आहे, की चष्म्याचा नंबर तेवढा बदलला असेल.