मांस आधी, शिंगं शेवटी

प्रिय जोलीन,

तुझं पत्र पोचलं. ग्लेन नोव्हेंबरात रजा काढून एल्क हरणाच्या शिकारीला येतोय हे ऐकल्यापासून तुझे बाबा असे हरखलेत की विचारू नकोस. दाणागोट्याच्या दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर, भेटेल त्याला सांगत सुटलेत, "जावई येतोय आमचा, डोंगर दाखवतो त्याला." पूर्वी त्याचं नाव काढलं की तोंड वाकडं करायचे, आठवतं ना? आता त्याच्यासाठी आपल्या जुन्या बुटांना चरबी चोळून ठेवली आहे. आणि मी मात्र ग्लेनने येऊ नये म्हणून हे लिहायला बसले आहे. रागावू नकोस, आधी सगळं वाच. फोनच केला असता, पण आपली लाइन अजून चार घरांत मिळून एकच, शेजारच्या ऑर्व्हल स्टिपची बायको कान लावून बसते, आणि तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. शिवाय फोन स्वयंपाकघरात, आणि बाबाही दिवसभर तिथेच चुलीपाशी.

गेल्या आठवड्यात आम्ही दोघं लँटर्नच्या खोऱ्यात हरणाच्या शिकारीला गेलो होतो. माझी रायफल हल्ली मी नेत नाही, गुडघ्यांना तेवढंच ओझं कमी. बाबांचा नियम तुला पाठ आहे, जितकं खाली मारशील तितकं वर वाहशील. तू लहान असताना तुला दुर्बिणीतून सुंदर सुंदर नर दाखवायचे आणि मारायचे नाहीत, का, तर ते फार खाली आहेत. तर यंदा त्याच माणसाने थेट तळाशी, ओढ्याकाठी उभा असलेला नर टिपला. मी म्हटलं, "होलिस, हा वर कोण आणणार, तुझा बाप?" तर म्हणाले, "बाप नाही, बायको." मी हसले. नेम मात्र असा की हरीण जागच्या जागी बसलं. सुरीही जुन्यासारखीच चालली. कातडं सोडवताना एकदा अडलं नाही, एक केस मांसाला लागला नाही. हात सगळं जाणत होते, आणि मला बरं वाटलं, कारण उन्हाळ्यापासून काही गोष्टी माझ्या मनात साचल्या होत्या. कॉफीच न घालता चुलीवर चढवलेली किटली, टपालपेटीशी जाऊन पत्रं न काढताच परत येणं, ऑर्व्हलला त्याच्या मेलेल्या भावाच्या नावाने हाक मारणं. वय झालं म्हणून मी हसण्यावारी नेत होते.

ऊन चढलं होतं. अशा दिवसांत मांस हाडाशी आंबतं, म्हणून आम्ही घाई केली. मी पिठाच्या पोत्यांच्या शिवलेल्या पिशव्या काढल्या, मागच्या मांड्यांचे दोन्ही फरे त्यांत घालून सावलीतल्या झाडाला टांगले. ठरलं असं की बाबांनी ते फरे पाठीवरच्या चौकटीला बांधून पहिली खेप पिकअपपर्यंत न्यायची आणि परत यायचं, तोवर मी खांद्यांचं आणि मानेचं मांस हाडावरून सोडवायचं. मांस आधी, शिंगं शेवटी. ही आपल्या घरची दहा आज्ञांमधली अकरावी. तुझ्या पहिल्या हरणाच्या वेळी तू शिंगं पाठीवर घेऊन मिरवायचं म्हणून हट्ट धरलास, रडून डोंगर डोक्यावर घेतलास, तर बाबा म्हणाले होते, "शिंगं खायची असतील तर ने." आणि तुला मानेच्या मांसाची पिशवी दिली. ती तू वर येईपर्यंत कुणाच्या हाती दिली नाहीस.

मी ओढ्याकडे तोंड करून काम करत होते. "निघतो गं," म्हणाले, मी मान न वळवता "हो" म्हटलं. काम संपवून पिशव्या टांगायला झाडाशी गेले तर दोन्ही फरे जागच्या जागी. डोकं मात्र शिंगांसकट नाहीसं झालेलं. आधी वाटलं, चेष्टा करतायत, म्हातारपणी पोरकटपणा सुचलाय. आणि मग मला खालच्या फांदीवर त्यांची लाल टोपी आणि लाल बंडी दिसली. उकडलं म्हणून काढून ठेवलेली. जोलीन, कल्पना कर. ऐन हंगामात, दुसऱ्या शिकाऱ्यांना माणूस कळावा अशी अंगावर लाल चिंधी नाही, शिंगांना लाल फडकं बांधलेलं नाही, आणि अशी शिंगं पाठीवर उभी करून माणूस झुडपांतून चाललाय. सकाळपासून समोरच्या डोंगरधारेवरून बार ऐकू येत होते.

मी पिशव्या तशाच टाकल्या, टोपी-बंडी घेतली आणि चढू लागले. खिंडीत वाट फुटते तिथे त्यांच्या बुटांचे ठसे डावीकडे गेलेले. डावीकडे काय आहे? ना रस्ता, ना पिकअप, नुसती रानंच रानं. त्या फाट्यावर ते डोळे झाकून उजवीकडे वळायचे, धुक्यातसुद्धा. मी हाका मारत उतरत गेले, आणि खाली झुडपांच्या वर शिंगं हलताना दिसली. खरं सांगते, क्षणभर माझ्याही मनात आलं, काय देखणा नर आहे! कुणाही शिकाऱ्याच्या मनात हेच आलं असतं, आणि त्याच्या हातात रायफल असती.

कसंबसं त्यांना पिकअपपर्यंत आणलं. मांस तसंच झाडावर राहिलं, रात्री कडक थंडी पडली म्हणून वाचलं. दुसऱ्या दिवशी बाबांना ऑर्व्हलकडे कुंपणाच्या कामाला धाडलं आणि मी एकटी गेले. एक ओझं थोडं पुढे नेऊन ठेवायचं, मागे यायचं, दुसरं त्याच्याही पुढे न्यायचं, असं करत सगळं वर आणलं. गुडघ्यांनी जो सूड घेतला तो अजून घेतायत. मदतीला कुणाला बोलावलं असतं तर का म्हणून विचारलं असतं, आणि काय सांगायचं ते मला माहीत नव्हतं. संध्याकाळी बाबांनी कोठारात टांगलेलं मांस पाहिलं आणि ऑर्व्हलच्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, "बघ, या वयातही दोन खेपांत अख्खं हरीण आणतो मी!" ऑर्व्हलने माझ्याकडे पाहिलं. मी रिकाम्या पिशव्या झटकू लागले.

नंतर एकदा मी सहज विचारलं, होलिस, त्या दिवशी शिंगं आधी का रे आणलीस? आधी हसले, "मी? शिंगं आधी?" आणि मग त्यांचा चेहरा असा उतरला की मीच घाईघाईने हवेचा विषय काढला. डॉक्टरचं नाव काढलं तर म्हणाले, "जरूर जाऊ, तुझे गुडघे दाखवू."

एक गोष्ट वर लिहायची टाळली, पण तुला कळायलाच हवी. झुडपांत शिंगं दिसली तेव्हा मी मोठ्याने "होलिस!" म्हणून हाक मारली. ते गर्रकन वळले आणि रायफल खांद्याला लागली. मी उघड्यावर उभी, डोक्यावर त्यांचीच लाल टोपी, अंगणातल्या कपड्यांच्या दोरीइतकं अंतर. पुरतं जनावर दिसल्याशिवाय नळी उचलायची नाही, हे तुला ज्यांनी शिकवलं त्यांची नळी माझ्या छातीवर होती. सेफ्टीचा खटका सरकल्याचा आवाज मला स्पष्ट आला. डोळ्यांत राग नव्हता गं, भीती होती, आणि ओळख नव्हती. "अरे मी आहे" म्हणायचं सुचलंच नाही. तोंडातून आलं ते एवढंच, "कॉफी थंड होतेय, होलिस." नळी हळूहळू खाली गेली. "मग ओत ना, म्हातारे, बघत काय उभी राहिलीस!" मी तिथेच गवतात बसले आणि हसतेय असं दाखवत रडले. आता ग्लेनचा विचार कर. तो बिचारा बाबा सांगतील त्या झुडपात शिरेल, सांगतील तेव्हा बाहेर येईल, आणि बाबांना त्या क्षणी तो कोण वाटेल, मला सांगता येत नाही. त्याला कामाचं काहीही निमित्त काढून नाही म्हणू दे. बाबा चिडतील, शहरी म्हणून पुन्हा तोंड वाकडं करतील, करू देत. कारण मात्र कुणी बोलायचं नाही.

पण ग्लेन आला नाही तरी ते एकटे जातीलच, आणि डोंगरात माणसं असतातच. म्हणून हे पत्र पार्सलमधून पाठवते आहे. सॉसेजच्या खाली, लोकरी मोज्यात, त्यांच्या रायफलीचा बोल्ट आहे, त्याच्याशिवाय बार उडत नाही. माझी रायफल मी ऑर्व्हलला देऊन टाकली. बोल्ट तुझ्याकडे ठेव, परत पाठवू नकोस, आणि बाबांनी फोनवर विचारलं तर तुला काही माहीत नाही. काल ते रायफल पुसायला बसले. बोल्टसाठी कोठार पालथं घातलं, खण उपसले, पिकअपची सीट उचलून पाहिली. मग रिकाम्या हातांनी दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "व्हर्ना, मला काहीतरी होतंय. वस्तू ठेवतो आणि विसरतो." इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी स्वतःच्या तोंडाने कबूल केलं, आणि तेही जी गोष्ट ते विसरले नव्हते तिच्यावरून. मी म्हटलं, "सापडेल रे, चल," आणि अंधार पडेपर्यंत त्यांच्याबरोबर शोधत राहिले.

हे कुणापुढे बोलता न येणारी, तुझीच
आई