छाकटा म्हणजे नक्की काय?

ती. आत्यास,

वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा मनातल्या मनात). तुझे गुडघे कसे आहेत? आधीच विचारून घेतो, कारण पुढे मला राग येणार आहे.

आमच्या थोरलीसाठी तू चष्म्याच्या दुकानातला तो मुलगा सुचवलास आणि फोन ठेवता ठेवता म्हणालीस, "मुलगा सोन्यासारखा आहे, फक्त जरा छाकटा." आता छाकटा म्हणजे पिणारा, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. थोरलीला मुलगा पाहताक्षणी आवडला, पण माझ्या मनातली पाल काही गप्प बसेना. नजर तपासायच्या निमित्ताने जाऊन बसलो आणि तो जवळ वाकला तसं नाक पुढे केलं. भपकन अत्तर! (एवढं अत्तर माणूस काहीतरी झाकायलाच लावतो.) वर रेशमी रुमाल, टोकदार बूट आणि माशी बसली तर घसरून पडेल असे केस. संध्याकाळी त्याच्या मागोमाग गेलो. स्वारी बोळातल्या एका दारात शिरली ती बाहेरच येईना. डोकावलो, तर हा इस्त्रीवाल्यासमोर बनियनवर उभा राहून बाहीची घडी पुन्हा मारून घेतोय. (तरी मी इस्त्रीवाल्याच्या बाटलीचा वास घेतला. पाणी निघालं.)

पण संशय तो संशय. मी सरळ नकार कळवला. थोरलीने माझ्याशी बोलणं टाकलं, ताट आपटून वाढते. मग काल ही म्हणाली, "अहो, आत्या नट्टापट्टा करणाऱ्याला छाकटा म्हणतात. आपल्या लग्नात तुम्हालाही म्हणाल्या होत्या." (त्या दिवशी मी फक्त सरबत प्यालो होतो, तेव्हा हिचं खरं असावं.) आत्या, पोरीचं तोंड पाहवत नाही गं. एका शब्दापायी मी माती खाल्ली.

तुझा भाचा

ता. क. मुख्य राहिलंच. नकार देताना "मुलगा पितो, असं आमच्या आत्यानेच सांगितलं" असं मी म्हणून बसलो आहे. तेवढा त्यांना फोन करून अर्थ समजावून सांग.

ता. ता. क. फोन करू नकोस! मुलाचे वडील आत्ताच येऊन गेले. आवाज खाली आणून म्हणाले, "आम्ही नवरा-बायको सोडून कुणालाही ठाऊक नव्हतं हो. तुमच्या आत्यांना कळलं कसं?" थोरली दाराआडून ऐकत होती. आता ती माझ्याशी बोलायला लागली आहे, आणि तिचा एकच प्रश्न आहे: आत्याआजी नक्की कोणत्या अर्थाने म्हणाली होती?