शेवटचे अकरा सेकंद

ताइचुंग, १७ नोव्हेंबर २०२१

प्रिय मेइ-शुआन,

पंचवीस वर्षं पत्र न लिहिल्याची माफी कशी मागतात ते मला माहीत नाही. आधी ‘कामात होते’ असं लिहिलं होतं, मग खोडलं. पंचवीस वर्षं कुणी कामात नसतं. तेव्हा नुसतीच माफी मागते. इथेच कागद मिटून ठेवलास तरी मला बोलायला तोंड नाही.

विद्यार्थ्यांनी केलेले जुने गेम लोकांना खेळायला मिळावेत म्हणून इथलं वाचनालय ते गोळा करतंय. त्यांच्या यादीत आपली ‘डोंगरातली टपालवाली’ आहे. तिथल्या फांगबाईंनी फोन करून विचारलं, “शेवट मुका आहे. तिथे आवाज मुळातच नव्हता का?” सोमवारपर्यंत त्यांना हे उत्तर हवंय आणि गेम करणाऱ्यांची नावंही. ‘नव्हता’ हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. आजवर सगळ्यांना तेच सांगत आले आहे. पण का कोण जाणे, ‘तपासून सांगते’ म्हणाले.

हल्लीच्या कॉम्प्युटरवर आपला गेम थेट चालत नाही. आत एक खोटा जुना कॉम्प्युटर उभा करावा लागतो, त्याला खोटं साउंड कार्ड लावावं लागतं. पहिले दोन दिवस नुसती शांतता. तिसऱ्या दिवशी काहीतरी बदललं (काय ते मी लिहून ठेवलं नाही, म्हणजे बघ) आणि तुझी सुरुवातीची धून वाजली. मी खुर्चीतच बसून राहिले. मग पूर्ण गेम खेळले. पूल, चहाचे मळे, पोस्टाची घंटा, सगळं वाजलं. शेवटच्या घरातली म्हातारी पत्र घेते, पडदा निळा होतो, आणि तिथे एक ‘चट्’ झालं. पुढे काही नाही. अगदी त्या दिवशीसारखं.

तो दिवस मला लख्ख आठवतो असं मी समजत होते. गेमच्या स्पर्धेच्या सकाळी तू धावत आलीस, हातात शेवटाच्या आवाजाची फ्लॉपी, केस ओले. म्हणालीस, “आत्ता ऐकू नकोस हं, सगळ्यांबरोबर ऐक.” यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून आपण त्यावर खाऊचं हिरवं पाकीट ठेवलं होतं, ते आपला नंबर यायच्या आधी तूच फोडून खाल्लंस. “अगं, देवाचा नैवेद्य आहे का तो? भूक लागली होती!” मी चिडले होते. हॉलमधल्या मशीनवर साउंड कार्डाचा नंबर वगैरे माहिती मीच भरली. सुरुवातीची धून ऐकू आली, मी मान हलवली, आवाज सुरू आहे म्हटलं आणि उठले. आणि मग परीक्षकांसमोर तो निळा पडदा, तो ‘चट्’, आणि मागून कुणाचं तरी हसणं. तू म्हणत राहिलीस, “मी घातलंय गं, आईशपथ घातलंय.” मी सगळ्यांसमोर म्हणाले, “झोपा काढल्यास आणि आता शपथा कसल्या घेतेस?”

काल पहाटेच्या गाडीनं तैपेईला गेले. स्टेशनाजवळच्या जुन्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात तिसऱ्या मजल्यावर जुने कॉम्प्युटर दुरुस्त करणारे चुआंग मास्तर अजून बसतात. सत्तरीचे आहेत. त्यांच्या टेबलावरही हिरवं पाकीट असतं. मी ते सरकवायला गेले तर हातावर चापट बसली. माझा लॅपटॉप बघून म्हणाले, “बाई, धून वाजली म्हणजे आवाज सुरू झाला, असं तुम्हाला कुणी सांगितलं?” मी म्हटलं, कुणी कशाला सांगायला हवं? मग त्यांनी समजावलं ते असं : धून कार्ड स्वतःच वाजवतं, त्याला कुणाची गरज नसते. पण रेकॉर्ड केलेला आवाज तुकड्यातुकड्यानं पाठवावा लागतो. एक तुकडा संपला की कार्ड हाक मारतं, पुढचा द्या. “ते सात नंबरच्या दारातून हाका मारतंय, आणि तुम्ही पाच नंबरच्या दाराला कान लावून बसलाय. पहिला तुकडा वाजला, चट्. पुढचा देणार कोण?” आणि त्यांनी पाचाचा सात केला.

आधी मोरीतल्यासारखा घुमणारा आवाज आला. हॉस्टेलची न्हाणीघरं, हो ना? मग तुझं चंद्रवाद्य, दुसरी तार नेहमीसारखी जरा उतरलेली. आणि शेवटी तू : “आ-वेन, जेवलीस का? नसशील तर चल.” मास्तरांनी घड्याळ पाहिलं. अकरा सेकंद. “आ-वेन कोण?” त्यांनी विचारलं. मी तो शेवट पुन्हा लावला. त्यांनी आपलं पाकीट फोडून माझ्यापुढे धरलं.

आता मला काहीच कळेनासं झालंय. हॉलमध्ये मी पाच भरला होता का? की तो आधीपासून तिथे होता आणि मी नुसतं बटण दाबलं? माझ्या खोलीतल्या मशीनवर पाचच चालायचा, म्हणून बोटं आपोआप गेली असतील. पण यापेक्षा वाईट प्रश्न दुसराच आहे. तुझी फ्लॉपी माझ्याकडेच राहिली होती. माझं मशीन माझ्या टेबलावर होतं, त्यावर पाच बरोबर होता. त्या संध्याकाळी एकदा लावून पाहिली असती तर अकरा सेकंदांत सगळं कळलं असतं. मी लावली नाही. राग होता म्हणून, असं मी स्वतःला सांगत आले. आज वाटतं, तू खरं बोलत असशील अशी भीती होती म्हणून. दोन्ही असेल. किंवा यातलं एकही नसेल, आणि आता स्वतःला बरं वाटावं म्हणून मी भीतीला पुढे करते आहे.

हे सगळं लिहिलं ते ज्यासाठी, ते अजून लिहिलेलंच नाही. स्पर्धेनंतर दोन महिन्यांनी एका मासिकानं आपला गेम अंकासोबतच्या डिस्कवर वाटला. ती प्रत मी दिली होती. त्यात शेवटी येणाऱ्या नावांत ‘संगीत’ ही ओळ नाही. ती मी काढली. एक बटण दाबून ठेवलं, अक्षरं एकेक करून गेली, आणि मला बरं वाटलं, हेही लिहिते. वाचनालयाकडे तीच प्रत आहे. तू ती कधी पाहिलीस का, मला माहीत नाही. पाहिली असशील तर इतकी वर्षं तू गप्प का राहिलीस ते आता कळतं; नसशील तर हे तुला माझ्याकडूनच कळावं. पत्ता तुझ्या आईंकडून घेतला. त्यांनी फोनवर माझा आवाज लगेच ओळखला, आणि पहिला प्रश्न तोच विचारला, जो तू पंचवीस वर्षांपूर्वी विचारून ठेवला होतास. त्यांना मी ‘हो’ म्हणाले. ते खोटं होतं.

तुझीच,
अजून न जेवलेली
आ-वेन

उद्याचं काम : नावांमध्ये पहिली ओळ ‘संगीत – छाय मेइ-शुआन’ परत घालणे.