दोन हजेरीपटांवरचं नाव

प्रिय साळवी बाई,

सप्रेम जय भीम. मी प्रज्ञाचा आजोबा, बेलवलीचा. काल कॉलेजच्या हॉलमध्ये तुमची शोकसभा झाली. तिथून आल्यापासून मला काही वाटत नाही. काही वाटत नाही, याचीच भीती वाटते. सूनबाईनं चहा दिला, तो प्यालो. गोड होता की नव्हता, सांगता येणार नाही. म्हणून लिहायला बसलो. माझं शिक्षण सातवी, चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

तुम्ही सांभाळून घेतलंत, त्यातूनच तर हा घोळ झाला!

प्राचार्य भाषणात काय म्हणाले, ऐका. म्हणाले, "बाईंच्या हातून इतक्या वर्षांत एकच चूक झाली. यादीत एका मुलीचं नाव पाठवायचं राहिलं. स्वतःच हसून सांगायच्या, सर, माझा तेवढा एक लाल शेरा." हॉलमधले लोक हसले. गेलेल्या माणसाच्या आठवणीनं हसतात, तसं प्रेमानं. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "कुणाचं हो नाव?"

मी म्हणालो, "माहीत नाही."

बाई, मी माहीत नाही म्हणालो! तुमचा फोटो समोर होता.

तुम्हाला आठवत असेल, पालकांची सभा. प्रज्ञा तेव्हा बारावीत. तिचा बाप पाळीवर, आई कामावर, म्हणून मी आलो. तुम्ही फळ्यावर लिहून समजावलंत, की बारा मुली दर शनिवारी तुमच्याबरोबर उल्हासनगरच्या पदवी कॉलेजात जातील, पाणी तपासायला शिकतील. परीक्षा पास झाल्या की चार क्रेडिट त्यांच्या नावावर जमा. पुढे बीएस्सीला गेल्या की तो विषय पुन्हा करायला नको. बाकीचे पालक फीचं विचारत होते. मी विचारलं, "म्हणजे पोरीचं नाव दोन कॉलेजांत लागणार?"

"हो आजोबा, दोन्हीकडे!" तुम्ही आनंदानं म्हणालात.

मी घाबरलो तो तिथेच.

का घाबरलो, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तरुणपणी मी अंबरनाथला केमिकल कंपनीत ठेकेदाराकडे पहिल्या पाळीला होतो. संध्याकाळी उल्हासनगरला एका सिंधी शेठच्या कारखान्यात पँटींना काजं-बटणं करायचो. दोन्ही हजेरीपटांवर माझं नाव. कुणीतरी चुगली केली. ठेकेदारानं सकाळी नाव कापलं. संध्याकाळी शेठकडे गेलो, तर तो सगळ्यांसमोर म्हणाला, "साईं, आदमी एक और हाजिरी दो? तू आधा इधर, आधा किधर?" कारागीर खो खो हसले. एका दिवसात दोन्हीकडून गेलो. घरी प्रज्ञाचा बाप सहा महिन्यांचा.

तेव्हापासून डोक्यात पक्कं बसलं, की दोन ठिकाणी नाव असलं की दोन्हीकडून जातं. मला वाटलं, पोरगी बारावीतूनही जाईल, आणि पुढे खऱ्या प्रवेशाच्या वेळी म्हणतील, तू तर आधीच कॉलेजात होतीस, तुझी सवलत वापरून झाली. आमच्या घरातली पहिली मुलगी बीएस्सीला जाणार! हे तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही हसला असता, आणि त्या हसण्यानंच माझी भीती गेली असती. पण लाज वाटली. शिकलेल्या बाईसमोर काजं-बटणांची गोष्ट काय सांगायची?

दोन दिवसांनी प्रज्ञा वर्गात असताना मी प्रयोगशाळेत आलो. म्हणालो, तिचं नाव काढा.

तुम्ही स्टूल दिलंत. पाणी दिलंत. अर्धा तास समजावलंत. मी प्रत्येक वाक्याला मान हलवली आणि एकही ऐकलं नाही.

"मी पालक आहे," एवढंच म्हणत राहिलो. "आणि तिला सांगू नका, मी आलो होतो म्हणून."

"मग तिला काय सांगू, आजोबा?"

"काहीही सांगा."

तुम्ही टेबलावरचा कोरा कागद माझ्यापुढे सरकवलात. मग म्हणालात, "अर्ज द्या." मी चार ओळी लिहून दिल्या. त्या तुम्ही प्राचार्यांनाही दाखवल्या नाहीत, हे मला काल कळलं.

प्रज्ञा घरी आली ती रडतच. "बाईंकडून माझं नाव राहिलं म्हणे! माझंच कसं राहिलं? त्यांनी मुद्दाम कुणालातरी घेतलं असेल." मी जेवत होतो. "जाऊ दे गं," म्हणालो, आणि भाताचा पुढचा घास घेतला. खरं सांगू? मला त्या वेळी बरं वाटलं. पोरगी वाचली, असं वाटलं.

काही वाईट झालं नाही, बाई. बाकीच्या अकराजणींचं नाव कुठूनही कापलं गेलं नाही. शेजारची रिया त्यांच्यातली. आता दोघी त्याच उल्हासनगरच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला आहेत. रियाला तो विषय नाही, तिचे क्रेडिट जमा झाले. त्या तासाला ती लायब्ररीत बसते. प्रज्ञा वर्गात बसते. पाण्याच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावते.

चार क्रेडिटचं दुःख तिला आता तेवढं नाही. तिच्या मनात बसलंय ते दुसरंच. बाईंना आपण लक्षात राहिलो नाही, हे. काल मी म्हणालो, चल शोकसभेला. तर काय म्हणाली?

"ज्यांना माझं नाव आठवलं नाही, त्यांच्या फोटोला मी फूल कशाला वाहू? तुम्ही जा, आबा. तुम्हाला हौस."

तिच्या आईनं तिला झापलं. मी चपला घालून निघालो. दारातच सांगायला हवं होतं. तोंड उघडलं आणि म्हणालो, "छत्री कुठंय?"

असं तीनदा झालंय. एकदा तुम्ही आजारी आहात हे कळलं तेव्हा. एकदा तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा. आणि काल.

तुमच्यावर माझा थोडा राग आहे, बाई. रागावू नका. तुम्ही भांडला का नाहीत माझ्याशी? एका घाबरट म्हाताऱ्याचं का ऐकलंत? नाव काढायचं तर काढायचं, पण चूक स्वतःच्या अंगावर का घेतलीत? ती तुम्हाला वर्गात बघून मान फिरवायची, हे तुम्हाला दिसत होतं ना? रिया सांगायची, बाई प्रज्ञाचं जर्नल सगळ्यात आधी तपासतात. तरी तुम्ही गप्प! मी सांगू नका म्हणालो, ते तुम्ही मरेपर्यंत पाळलंत. इतकं कुणी पाळतं का?

आता हे पत्र. तुम्हाला ते पोचणार नाही, एवढं मला कळतं. हे मी प्रज्ञाच्या हातात देणार आहे. सोमवारी तिची परीक्षा आहे, तेव्हा नंतर द्यावं का, असं सकाळपासून मनात येतंय. तिचं लक्ष उडालं तर? जेवणं सोडलं तर? पण बाई, माझी काळजी मला आता ओळखू येते. ती नेहमी असंच बोलते आणि शेवटी नुकसान दुसऱ्याचं करते. आजच देईन, ती घरी आली की. उद्या प्राचार्यांकडे जाईन आणि सांगेन, ते नाव राहिलं नव्हतं, मी काढायला लावलं होतं.

प्रज्ञा बोलणं टाकेल. टाकू दे. पण ती एक प्रश्न विचारणार, मला ठाऊक आहे. "बाई मला का नाही बोलल्या?" तेव्हा मला सोपं पडेल असं म्हणायला, की बाईंनी सांगायला हवं होतं. तसं मी म्हणणार नाही. म्हणेन, त्यांना बोलू नका असं मी सांगितलं होतं. एवढंच म्हणेन आणि तिच्यासमोरून उठून जाणार नाही, ती काय बोलेल ते बसून ऐकेन. हा माझा तुम्हाला शब्द.

तुमचा अपराधी,
प्रज्ञाचा आबा