सियाचा सुट्टीवरचा निबंध

अहो,

मी आसावरीकडे स्कॉटलंडला निघालेय, उबर दारात आहे. नातीच्या शाळेची भाषा म्हणून मी गेलिक शिकतेय ना, त्यातला सुट्टी आणि प्रवासाचा धडा झाला. म्हणून सरावाला आपल्या सियाने पाठवलेला निबंध वाचायला घेतला. तिने लिहिलंय, 'मी आणि आई बोटीने आलो. सगळ्या बॅगा आणल्या. हॉटेलची खोली लहान आहे. बाबांना पत्ता सांगायचा नाही.'

लगेच आसावरीला फोन लावला. "मजेत आहोत गं आई," म्हणाली आणि रडायलाच लागली.

वरण फ्रिजमध्ये आहे, गरम करून घ्या. कॅलम जावई असला तरी तुम्हाला मुलासारखा आहे, माहितीय मला. पण त्याचा फोन आला तर उचलू नका हो. पाया पडते तुमच्या.

अहिल्या