आसराबाईची तसबीर: थोरलं का धाकटं

ता. ८, रविवार

सगळ्यात आधी आली ती गंगू, आन तीबी काखेत कोकरू घेऊन. स्टुडिओत कोकरू! माझी नात सोनी म्हणाली, "मावशी, ह्याचा फोटो काढायचाय का?" मला हसू आवरेना. गंगू मात्र हसली न्हाई. तिच्या मागनं तिचा भाऊ म्हादू, लाल पटका, पायाला गुडघ्यापर्यंत धूळ. आन सगळ्यात शेवटी त्यांचा म्हातारा. आधी काठी आत आली, मग तो. पाथरी रस्त्याला तुरी निघालेल्या रानात मेंढरं बसवलीत म्हणे. बाजाराला आले, पण बाजार न करताच आमच्या दारात.

आमचा स्टुडिओ म्हंजे काय, बैठकीची खोली. निळा पडदा, एक स्टूल, सोनीचं मशीन, म्हंजे लॅपटॉप. पण पाटी लय झोकात हाय, मीच हळद-कुंकू लावलं तिला. नातीच्या नावाचं दुकान, आमच्या घराण्यात पयलंच.

म्हादूनं पटक्यातनं प्लास्टिकची पिशवी काढली, पिशवीतनं फोटो. कुणाच्या तरी लग्नातला. पावसानं भिजून काचेला चिकटलेला आन ओढून काढलेला. मधी नवरा-नवरी, चांगली पंधरा-वीस माणसं, आन पार कडेला मांडवाच्या खांबाला टेकून एक बाई. डोक्यावर पदर, पदराचं टोक दातात.

"ही आमची माय. आसराबाई," गंगू म्हणाली. "दुसरी तसबीर न्हाई."

सोनीनं आधार कार्डाचं विचारलं. म्हादूनं झेराक्स काढली. त्या झेराक्समधी तोंडाच्या जागी नुसतं काळं.

१९ तारखेला वर्षश्राद्ध. हार घालायला तसबीर पायजे. सोनी म्हणाली, रविवारी या, देते.  म्हातारा जाताना उंबऱ्यात थांबला, म्हणला, "तिच्यासारखी होऊ द्या बाई. दुसरी नको."

कोकरानं जाता जाता पडद्याची कड खाल्ली. असू दे.

ता. ९, सोमवार

सकाळपासनं बापलेकीची धुसफूस. मामला असा, की फोटो नीट करायची दोन सॉफ्टवेअरं हायत. एक स्वस्तातलं, ते एकदा घेतलं की आपलं. ते सोनीकडं हायच, फॉर्मचे फोटो ती त्याच्यावरच करते. दुसरं मोठ्या शहरातले लोक वापरतात ते. ते दर महिन्याला पैसे भरा, न भरले की दार बंद. नावं दोन्हीची मला लिहिता येईनात, तिसरीपर्यंतच तर शिकले मी. म्हणून महागाचं ते थोरलं, स्वस्तातलं ते धाकटं. सुनांसारखं. सोनीला लय आवडलं, तीबी तसंच म्हणायली आता.

थोरलं सात दिवस फुकट वापरू देतात. सोनीनं काल संध्याकाळीच ते घेतलं. येत्या रविवारी संध्याकाळी सहाला बंद.

दत्ता म्हणला, "सेलूत फॉर्मचे फोटो काढणारे येतात. त्यांना कशाला पायजे थोरलं? आपल्या घरात राहायचं सोडून भाड्याच्या घरात जायचं?"

सोनी म्हणाली, "मग ही माणसं आली ती, बाबा?"

"वर्षातनं एकदा येतील."

माझा दत्ता वाईट न्हाई. कापसाच्या जिनिंगवर उभा राहून राहून त्याच्या पायाच्या शिरा फुगल्यात. पण पोरीचं मन मोडून बोलतो. शेवटी ठरलं असं, की दोन्हीवर करून बघायचं. त्या माणसांना ज्यातली आई ओळखू येईल ते ठेवायचं. दत्ता म्हणला, "कबूल. आन धाकट्यातली ओळखली तर पुन्हा थोरल्याचं नाव काढायचं न्हाई." सोनी कबूल म्हणाली. मला वाटलं इतक्या लवकर म्हणायला नको व्हतं.

ता. १०, मंगळवार

अगं बाई बाई! सोनीनं धाकट्यात ती बाई कापून घेतली, एक बटन दाबलं, आन मी चहाचा घोट गिळेपर्यंत आसराबाई लख्ख! डोळे, नाक, ओठ, सगळं. केस पण एक-एक मोजून घ्यावे. मी साखर आणून सोनीच्या तोंडात घातली, दत्ताच्याबी घातली. दत्ता म्हणला, "झालं की मग काम." खूश.

सोनी काय खूश दिसली न्हाई. म्हणाली, "आज्जी, ही लय गुळगुळीत झालीय."

मी म्हणले, गुळगुळीत झाली तर काय वाईट झालं? बिचारी जल्मभर उन्हात मेंढरामागं फिरली, एकदा तरी गोरी होऊ दे.

आता थोरल्यात हातानं करायलीय. त्यात बटन दाबून भागत न्हाई. बारका ब्रश घेऊन ओरखडा ओरखडा भरायचा. मशीन इतकं तापतं की पंखा घरघरतो, सोनीनं खाली दोन वह्या घालून त्याला उंच केलंय. मी शेजारी बसून तूर निवडली. मधनंच बघते. पाण्याचे डाग गेले, खांबाची सावली गेली. एक कपाळावर मोठा डाग राहिला व्हता, काळसर. मी म्हणले, "तो कपाळावरचा काढ की, वंगाळ दिसतोय." सोनीनं काढला.

ता. १२, गुरुवार

काल लिहिलं न्हाई. आज लिहू का नको असं झालंय.

गंगू मेंढराच्या औषधाला आली व्हती, डोकावली. सोनी म्हणाली, "मावशी, अजून पुरं न्हाई, पण बघा." आधी धाकट्यातली दाखवली. गंगू लय येळ बघत राहिली. मला वाटलं रडायली.

मग म्हणाली, "लय देखणी हाय. कोण म्हणायची ही?"



सोनीनं पटकन थोरल्यातली काढली. ती हातानं केलेली, सुरकुत्या तशाच, गाल बसलेले तसेच. गंगू पुढं वाकली, तोंड ओळखलं तिनं, हात तोंडाकडं गेला. मग थांबली. "मायचं गोंदण कुठंय?"

"कुठलं गोंदण?"

"कपाळावरचं. तिला अख्ख्या धनगरवाड्यात त्याच्यावरनं ओळखायचे. पोरी, तुमी मायचं कपाळ कोरं केलं?"

सोनीचं तोंड पांढरं फटक. आजकालच्या पोरींनी गोंदण बघितलंय कुठं? तिला तो पाण्याचा डागच वाटला. पण मला? माझ्या सोताच्या कपाळावर हाय. आठ वर्षांची व्हते तवापासनं रोज आरशात बघते. आन डाग काढ म्हणाले ते मीच.

गंगू चिडली न्हाई. चिडली असती तर बरं झालं असतं. "बगा काय होतंय ते. बाबांना न्हाई सांगत मी," म्हणाली आन गेली. सोनीनं माझं नाव घेतलं न्हाई तिच्यापुढं. दत्तापुढंबी न्हाई. दत्ता म्हणला, "इतकं महागाचं, तरी पुसलंच ना त्यानं?" तर पोरगी खाली मान घालून म्हणाली, "त्यानं न्हाई पुसलं बाबा. मी पुसलं."



ता. १३, शुक्रवार

सकाळी सोनीला सांगितलं, बाबाला सांग आज्जीनं पुसाय लावलं म्हणून. म्हणाली, "ब्रश तुझ्या हातात व्हता का?" अशी हाय ही. कुणावर गेली काय माहीत. माझ्यावर असंल!

मग तिनं मला जे दाखवलं ते कसं लिहू. थोरल्यात म्हणे पुसलेलं पुसलं जात न्हाई. खालचं चित्र खालीच राहतं, आपण जे करू त्याचा वर थर चढतो. कपाळावर तिनं थर घातला व्हता, तो उचलला, आन खाली तो डाग तसाच! मी टाळीच वाजवली. धाकट्यात तसं न्हाई, तिथं एकदा झालं ते झालं.

पण खुशी टिकली न्हाई. डाग आला, पण डागच आला. मोठा करून बघितला, लहान करून बघितला. पाणी लागून पसरलंय सगळं. चंद्रकोर हाय का ठिपके, काय कळंना. सोनी माझ्या कपाळावर बोट ठेवून म्हणाली, "असंच असंल का?" मी म्हणले, माझं माझं हाय, तिचं तिचं असंल. पुन्हा एकदा चुकीचं सांगायची ताकद न्हाई माझ्यात.

ता. १४, शनिवार

तीळगुळाचे लाडू केले. कडक झाले. लक्ष कुठंय.

दत्ता जेवताना म्हणला, धाकट्यात कोरं कपाळ ठेवून मोठं कुंकू लावून दे, झाकून जाईल. सोनी ताटावरनं उठली. मी दत्ताकडं बघितलं. तो म्हणला, "माय, मी काय वाईट बोललो? नवरा मागं ठेवून गेली बाई, कुंकू लावलं तर बिघडतंय काय?" न्हाई बिघडत. पण.

पुन्हा म्हणला, दर महिन्याला म्हंजे किती महिने? हिचं लग्न झाल्यावर कोण भरणार? 

ता. १५, रविवार

तिघंबी आले. कोकरू न्हाई आणलं. सोनीनं आधीच सगळं कबूल केलं. हात जोडून म्हणाली, "गोंदण मी डाग समजून काढलं व्हतं. परत आणलंय, पण नीट दिसंना. तुमी सांगा कसं व्हतं, मी तसं काढते." मी मधीच म्हणले, "तिची चूक न्हाई, मी सांगितलं." म्हातारा स्टुलावर टेकला.

सोनीनं गोंदणासाठी एक निराळा थर केला, बाकीच्या तोंडाला हातबी न लावता.

गंगू म्हणाली, "कोर. सरळ, होडीवानी. आन वर एक ठिपका."

म्हादू म्हणला, "कोर कुठनं आणलीस? तीन ठिपके व्हते. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून मोजायचो."

"तू मांडीवर झोपायचास रे, मोजायचास कवा?"

"तुझ्याआधी जल्मलोय मी. तुझ्याआधी बघितलंय."

सोनी बिचारी गंगू बोलली की कोर काढी, म्हादू बोलला की ठिपके. कोर आली की गंगूची मान हाले, ठिपके आले की म्हादूची. म्हातारा काठीवर हनुवटी टेकून बसलेला. मी म्हणले, "बाबा, तुमी सांगा की. जल्म काढला तुमी तिच्याबरोबर."

म्हातारा म्हणला, "कोर हाय. पण कललेली. डाव्या अंगाला. गोंदताना हलली ती. गोंदणारीण रागावली तिच्यावर. तिनंच सांगितलं व्हतं मला."

गंगू म्हणाली, "बाबा, तुमाला मोतीबिंदू हाय."

"मोतीबिंदू आता झालाय. तवा नव्हता."

मला हसू आलं आन डोळ्याला पाणीबी. सोनीनं कोर हळूच डावीकडं कलवली. मी आसराबाईला कधी बघितलं न्हाई, पण कोर कलली आन ती बाई कुणीतरी झाली बगा. अशी खोडकर. म्हातारा उठून मशीनजवळ गेला, काचेला बोट लावलं.  गंगू मात्र "व्हय" म्हणाली न्हाई. म्हादू तर मान हलवतच राहिला. म्हणला, "बाबा म्हणतील ते खरं, पण माझ्या डोळ्यापुढं तीन ठिपके हायत. भिंतीवर जल्मभर चुकीची माय बघायची का मी?"

मग गंगूलाच आठवलं, मायची बहीण मानवतला दिलीय, कोंडाबाई. दोघींनी एकाच दिवशी, एकाच गोंदणारणीकडनं गोंदून घेतलेलं. तिला आणू, ती सांगंल ते खरं. म्हातारा म्हणला, "आणा. मला काय भ्या न्हाई."

म्हादू सोनीला म्हणला, "पोरी, तवर हे असंच राहील ना? सरकवता येईल असं? चिकटवून टाकू नको."

 थोरलं आज सहाला बंद, पैसे भरले तरच चालू राहणार. सोनीनं मला सकाळीच सांगितलं व्हतं, बंद व्हायच्या आत सगळे थर एक करून चित्र काढून घ्यावं लागंल. मग ते धाकट्यात उघडतं, पण कोर कपाळाला कायमची चिकटलेली. हलवायची म्हणलं की खालचं कपाळ फाटणार. ओले पापड एकावर एक ठेवल्यावानी.

दत्ता दारात हाताची घडी घालून उभा व्हता. सगळं ऐकलं त्यानं.

सोनीनं त्याच्याकडं बघितलं न्हाई. म्हादूला म्हणाली, "राहील, मामा. असंच राहील."

शब्द देऊन बसली पोरगी.

ते गेल्यावर दत्ता पायरीवर जाऊन बसला, चप्पल न घालताच. मी लाडू नेऊन दिला. म्हणला, "कडक हाय." मी म्हणले, "धर तोंडात, विरघळतो." धरून बसलाय. आत सोनी मशीनपुढं. सहाला अर्धा तास. तिनं एका हातानं बँकेच्या कार्डाचा नंबर लिहिलेला कागद धरलाय. थर अजून एक केलेले न्हाईत, आन थोरल्याचे पैसेबी भरलेले न्हाईत.  मी दोघांच्या मधी उंबऱ्यावर बसून हे लिहायली.

कोंडाबाईला घेऊन मंगळवारी येतो म्हणालेत, पयल्या गाडीनं.